एकशे साठ एकरांचा हिशेब

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातली शेतकऱ्यांची वस्ती ओसरत चालली आहे, ही आता बातमी राहिलेली नाही. दार निखळलेली शाळा, पत्रा उडालेलं धान्याचं कोठार, स्मशानभूमीत जिवंतांपेक्षा जास्त आडनावं, असे फोटो आणि त्यांच्याखाली हळहळणारा मजकूर दर काही वर्षांनी छापून येतो. या लिखाणाचा सूर शोकसभेचा असतो आणि शोकसभेत गेलेल्याचे दोष काढायचे नसतात. त्यामुळे एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही: इतकी माणसं तिथे राहू शकतील, हे मुळात ठरवलं कुणी आणि कशाच्या जोरावर? नेब्रास्का राज्याच्या मध्यावर कस्टर नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. तिचं क्षेत्रफळ २,५७६ चौरस मैल, कोल्हापूर जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. कोल्हापूर जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ३८ लाखांवर माणसं होती. कस्टरमध्ये २०२० साली होती १०,५४५. शंभर वर्षांपूर्वी, १९२० साली, हाच आकडा २६,४०७ होता आणि त्यानंतरच्या प्रत्येक जनगणनेत तो खाली आला आहे. या घसरणीचा दोष ट्रॅक्टरला, बँकांना, शहराच्या ओढीला किंवा तरुण पिढीला दिला जातो. त्या सगळ्यांचा त्यात वाटा आहे, पण चूक त्यांच्या आधीची आहे. ती १८६२ साली वॉशिंग्टनमध्ये एका कायद्यात लिहिली गेली आणि पुढची दीडशे वर्षं कस्टर काउंटी तिची दुरुस्ती करत आहे, असं माझं मत आहे.

होमस्टेड कायदा म्हणून तो ओळखला जातो. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या किंवा कुटुंबप्रमुख असलेल्या कुणीही, बाईने किंवा पुरुषाने, सरकारी जमिनीच्या १६० एकरांवर दावा नोंदवावा, तिथे पाच वर्षं राहावं, घर बांधावं, जमीन कसावी. मग किरकोळ शुल्कात ती त्याच्या मालकीची. जगाच्या इतिहासात एखाद्या सरकारने सामान्य माणसाला इतकं उदार वचन क्वचितच दिलं असेल, आणि ते पाळलंही: या कायद्याखाली सुमारे १६ लाख मालकीपत्रं दिली गेली, २७ कोटी एकर जमीन वाटली गेली. पण १६० हा आकडा आला कुठून? तो मातीतून आलेला नाही. १७८५च्या जमीनमोजणीच्या कायद्याने सगळा पश्चिम प्रदेश आधीच चौकटींमध्ये आखायला घेतला होता. सहा मैल बाजूची एक टाउनशिप, तिच्यात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचा चतुर्थांश म्हणजे १६० एकर. ओहायो किंवा इलिनॉयमध्ये एका कुटुंबाला हा तुकडा पुरून उरत होता, कारण तिथे पाऊस होता. मोजणीदाराची साखळी मात्र पाऊस बघून थांबत नाही. ती सरळ पश्चिमेला येत राहिली, आणि शंभरावी रेखावृत्तरेषा, जिच्या पलीकडे भरवशाचा पाऊस संपतो असं मानतात, ती कस्टर काउंटीच्या पश्चिम भागातूनच जाते.

इथला पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. सोलापूरच्या शेतकऱ्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगायला नको. सरासरी ठीक दिसते, पण शेत सरासरीवर पिकत नाही. काही वर्षं भरभरून देतात, मग तीन वर्षं ओळीने दगा देतात. जमीनही एकसारखी नाही. वायव्येला गवताने कशीबशी धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या सुरू होतात, मध्ये वाऱ्याने आणून टाकलेल्या लोएस मातीची पठारं आणि त्यांना चिरत गेलेल्या घळी, आणि मिडल लूप, साउथ लूप या नद्यांच्या काठांना सुपीक खोरी. ज्याचा १६० एकरांचा चौकोन खोऱ्यात पडला तो तरला. ज्याचा पठारावर पडला त्याला पाण्यासाठी खोल, फार खोल विहीर खणावी लागली. ज्याचा वाळूत पडला त्याला काहीच करता आलं नाही. कागदावर तिघांनाही अगदी समान वाटणी मिळाली होती.

हे आधी कुणाला कळलं नव्हतं असं म्हणावं, तर तसंही नाही. या भूमीत कस्टर काउंटी जन्मण्याआधी पॉनी लोक राहत होते. ते निव्वळ शिकारी नव्हते. मका, घेवडा, भोपळा पिकवणारे ते शेतकरी होते. त्यांची गावं लूप आणि प्लॅट नद्यांच्या खोऱ्यांत होती. मातीने लिंपलेली मोठी गोल घरं दाटीने बसलेली, आणि शेतं त्यांच्या आसपास, नदीलगत. वर्षातून दोनदा अख्खं गाव उठून गवताळ प्रदेशात गव्यांच्या शिकारीला जाई आणि परत येई. म्हणजे खोऱ्यात शेती, पठारावर गवत आणि माणसं एकत्र. १८५७च्या कराराने त्यांना लूपकाठच्या एका पट्ट्यात कोंडलं गेलं आणि १८७०च्या दशकाच्या मध्यात तिथूनही हलवून आजच्या ओक्लाहोमात नेलं गेलं. १८७७ साली काउंटी स्थापन झाली तेव्हा तिला आदल्या वर्षी लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायान योद्ध्यांकडून मारल्या गेलेल्या जॉर्ज कस्टरचं नाव दिलं गेलं. नव्या काउंटीला या भूमीच्या जुन्या रहिवाशांकडून काही शिकायची कितपत इच्छा होती, ते नावावरूनच दिसतं.

त्यापुढच्याच वर्षी, १८७८ साली, दोन घटना घडल्या. एक वॉशिंग्टनमध्ये, एक इथे. वॉशिंग्टनमध्ये जॉन वेस्ली पॉवेल या भूगर्भशास्त्रज्ञाने कोरड्या प्रदेशातल्या जमिनींबद्दलचा आपला अहवाल सरकारला सादर केला. पॉवेल गृहयुद्धात एक हात गमावलेला सैनिक आणि कोलोरॅडो नदीतून होड्यांनी उतरलेला धाडसी माणूस होता, पण त्याचा अहवाल हिशेबी आहे. वर्षाला वीस इंचांहून कमी पाऊस असेल तिथे नुसत्या पावसावरच्या शेतीचा भरवसा धरू नका, असं त्याने सांगितलं. जिथे पाणी देता येतं तिथे ८० एकर पुरेत. जिथे फक्त गवत आहे तिथे कुटुंबामागे २,५६० एकर लागतील, म्हणजे होमस्टेडच्या सोळापट. शिवाय जमिनीची आखणी चौकोनांनी न करता पाण्याच्या जागा पाहून करा; नऊ किंवा अधिक लोकांना एकत्र येऊन चराऊ जिल्हा स्थापता यावा, घरं पाण्याजवळ एकमेकांलगत असावीत, म्हणजे शाळा, रस्ता, शेजार परवडेल. हे वाचताना मराठी माणसाला गावठाण आठवेल. पॉवेलच्या डोळ्यांसमोर यूटामधली मॉर्मन लोकांची खेडी होती. काँग्रेसने त्याच्या शिफारशी बाजूला ठेवल्या. कस्टर काउंटी पॉवेलच्या वीस इंचांच्या रेषेच्या अगदी काठावर येते, आणि काठावरच्या प्रदेशाचं दुर्दैव असं की चांगल्या वर्षांत तो पॉवेलला खोटं ठरवतो.

दुसरी घटना रक्ताची आहे. टेक्सासहून गुरं घेऊन आलेला प्रिंट ऑलिव्ह हा बडा पशुपालक आणि नव्याने जमीन घेतलेले वस्तीकर यांच्यात वैर पेटलं. ऑलिव्हचा भाऊ बॉब चकमकीत मारला गेला. सूड म्हणून ऑलिव्हच्या माणसांनी ल्यूथर मिचेल आणि अमी केचम या दोन वस्तीकरांना फासावर लटकवलं, त्यांची प्रेतं जळाली. ऑलिव्हला शिक्षा झाली, पण दीड-दोन वर्षांत तो सुटलाही. या प्रकरणाने काउंटीच्या स्मृतीत एक सोपी मांडणी कायमची बसली: पशुपालक म्हणजे गुंड आणि शेतकरी म्हणजे न्याय. नीतीच्या दृष्टीने ती बरोबर आहे. गैरसोय एवढीच, की गवताबद्दलचं गुंडांचं मत शेतकऱ्यांपेक्षा बरोबर होतं. हे गवत नांगरण्यासाठी नाही, चारण्यासाठी आहे, आणि थोड्या जमिनीवर त्याचा धंदा होत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सरकारी जमिनीला बेकायदा कुंपणं घालून त्यांनी ते सिद्ध करू पाहिलं, आणि म्हणूनच बरोबर असूनही ते ऐकण्याजोगे राहिले नाहीत.

मग १८८०चं दशक आलं, पावसाचं दशक. नेब्रास्का विद्यापीठात सॅम्युअल ऑघी नावाचा प्राध्यापक होता. नांगरलेली जमीन पाणी जास्त शोषते, ते पुन्हा हवेत जातं आणि त्यामुळे पाऊस वाढतो, असा त्याचा सिद्धांत. चार्ल्स डाना विल्बर याने १८८१च्या पुस्तकात त्याचं घोषवाक्य केलं: पाऊस नांगराच्या मागून चालत येतो. रेल्वे कंपन्यांना आणि जमिनीच्या दलालांना यापेक्षा गोड विज्ञान मिळालं नसतं. १८८० साली कस्टर काउंटीची लोकसंख्या २,२११ होती, १८९० साली ती २१,६७७ झाली. दहा वर्षांत दहापट. १८८६ मध्ये रेल्वे ब्रोकन बो या मुख्य गावी पोचली. लाकूड नव्हतं म्हणून लोकांनी घरं मातीचीच बांधली. खास नांगराने गवत मुळांसकट कापायचं, फूटभर रुंदीच्या लांब पट्ट्या निघत, त्यांच्या लाद्या करायच्या आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या रचायच्या. भिंत दोन-तीन फूट जाड, थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार. छप्पर मात्र पाऊस थांबल्यावरही दोन दिवस गळत राही. वरून माती आणि कधी साप पडू नये म्हणून आतून मांजरपाटाचं कापड ताणलेलं. जळणाला गोवऱ्या आणि मक्याची बुरकुंडं.

हे आपल्याला इतकं बारकाईने माहीत आहे ते सॉलोमन बुचर या छायाचित्रकारामुळे. हा स्वतः हरलेला होमस्टेडर. १८८०मध्ये आला, मातीच्या घरात दोन आठवड्यांतच कंटाळला आणि दावा सोडून दिला. १८८६पासून तो घोडागाडीत कॅमेरा टाकून घरोघर फिरू लागला. त्याच्या सुमारे तीन हजार काचेच्या प्लेट्स आज राज्याच्या ऐतिहासिक संस्थेकडे आहेत. प्रत्येक चित्राची मांडणी साधारण एकच: मातीचं घर, पुढे ओळीने उभं कुटुंब, बाजूला घोडे, आणि जे जे मिरवण्यासारखं ते सगळं अंगणात. हिल्टन कुटुंबाचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. घरातल्या बाईला आपलं मातीचं घर पूर्वेकडच्या नातलगांना दाखवायची लाज वाटत होती. म्हणून पायपेटी उचलून गोठ्याच्या आवारात आणली आणि कुटुंब तिच्याभोवती उभं राहिलं. मागे गुरं, शेती आणि उजाड क्षितिज. बुचर चित्रांत हातचलाखीही करी. टोळधाडीच्या चित्रात त्याने काचेवर टोळ कोरून घातले. ब्राइटन रँचचं कुंपण १८८५ साली शेतकऱ्यांनी तोडलं तो प्रसंग त्याने पुढे कितीतरी वर्षांनी माणसं उभी करून टिपला. काउंटीचा त्याने लिहिलेला इतिहास १९०१ साली छापून निघाला तोही एका जुन्या पशुपालकाच्या पैशाने, वस्तीकरांच्या शौर्यगाथेला ज्यांच्याविरुद्ध शौर्य गाजवलं त्यांच्यातल्याच एकाची देणगी! पण मला या चित्रांत सर्वात बोलकं काय वाटतं, तर पार्श्वभूमी. तिथे दुसरं घर नसतं. कायद्याची अट होती ती: ज्याने त्याने आपापल्या तुकड्यावर राहायचं. म्हणजे शेजारी अर्धा मैल लांब. क्रिसमन बहिणींचं चित्र पाहा. चौघी बहिणी मातीच्या झोपडीपुढे घोडे धरून उभ्या. मोठ्या बहिणींनी आपापल्या नावावर दावे लावले होते आणि एकटीने राहावं लागू नये म्हणून त्या आळीपाळीने एकमेकींच्या झोपडीत मुक्काम करून अट पुरी करत. धाकट्या हॅटीची पाळी येईपर्यंत सरकारी जमीन संपली होती. माणसांना एकत्र राहायचं होतं आणि कायदा त्यांना पांगवत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही.

१८९०च्या दशकात हिशेब चुकल्याची पहिली पावती फाटली. १८९० कोरडं गेलं, १८९४ साली तर पीक जवळपास हातचं गेलं, राज्याला मदत वाटावी लागली. १९०० साली काउंटीची लोकसंख्या १९,७५८ होती, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी. इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. त्या काळातले शेतकरी स्वतः पावसाला दोष देत नव्हते. ते दोष देत होते रेल्वेच्या भाड्याला, सावकारी व्याजाला आणि सोन्याच्या चलनाला. याच काउंटीतला ओमर केम हा मातीच्या घरात राहणारा शेतकरी १८९० साली पॉप्युलिस्ट म्हणून काँग्रेसवर निवडून गेला आणि तीनदा निवडून येऊन १८९७पर्यंत तिथे राहिला. त्यांचं गाऱ्हाणं खरं होतं, यात मला शंका नाही. मक्याचा भाव वाहतुकीच्या खर्चाइतका खाली गेला की शेतकरी मका चुलीत घाली, कारण कोळसा त्याहून महाग. पण तेच व्याज आणि तेच भाडं पूर्व नेब्रास्कातल्या शेतकऱ्यालाही होतं. तो वाकला, पण त्या प्रमाणात मोडला नाही. कमी पावसाच्या १६० एकरांत वाईट वर्षासाठी मागे टाकायला काही उरतच नसे. रेल्वे आणि सावकार यांनी धक्का दिला हे खरं. कड्याच्या टोकावर नेऊन उभं करण्याचं काम कायद्याचं.

दुसरा आक्षेप इतिहासकारांकडून येतो. पूर्वी असं शिकवलं जाई की बहुतेक होमस्टेडर अपयशी ठरले आणि योजना लबाडीने पोखरलेली होती. नेब्रास्का विद्यापीठातले रिचर्ड एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ सालच्या पुस्तकात हे मत खोडून काढलं. त्यांनी जी दप्तरं तपासली त्यांत कस्टर काउंटीचीही होती. लबाडी कमी निघाली, मालकीपत्र मिळवणारे मानले होते त्याहून जास्त निघाले. मला हे संशोधन पटतं, आणि त्याने माझ्या म्हणण्याला धक्का लागत नाही. मालकीपत्र मिळणं म्हणजे पाच वर्षं तग धरणं. नातवाने तिथेच संसार करणं ही वेगळी परीक्षा आहे. पुष्कळांनी मालकीपत्र हाती पडताच जमीन गहाण टाकली किंवा शेजाऱ्याला विकून पुढची वाट धरली. त्यांच्या दृष्टीने यात अपयश नव्हतं, भांडवल मिळालं होतं. पण त्यामुळेच दोन चौकोनांचं एक शेत, मग चारांचं एक, हे विलीनीकरण ट्रॅक्टर येण्याच्या कितीतरी आधी सुरू झालं.

थोडी आकडेमोड करून पाहू. २,५७६ चौरस मैलांत १६० एकरांचे तुकडे किती? १०,३०४. प्रत्येकावर पाच माणसांचं एक कुटुंब धरलं तर कायद्याच्या कल्पनेतली काउंटी पन्नास हजारांवर माणसांची होते, तीही गावांतले लोक सोडून. शाळांसाठी राखलेली आणि अगदीच निकामी जमीन वजा केली तरी हिशेब फार खाली येत नाही. प्रत्यक्षात ऐन भराच्या काळातही गावं-शहरं धरून माणसं २६,४०७. म्हणजे ज्या १९२० सालाकडे सुवर्णकाळ म्हणून पाहिलं जातं तेव्हाच कायद्याचा आराखडा निम्म्याने फसलेला होता. सरकारलाही हे उशिरा का होईना कळलं. १९०४ साली ओनील गावचे खासदार मोझेस किंकेड यांनी पश्चिम नेब्रास्कासाठी दाव्याची मर्यादा ६४० एकर करून घेतली. चौपट. पॉवेलच्या आकड्याचा तो अजूनही चौथा हिस्सा होता, आणि चांगली जमीन तोवर वाटून झाली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला भाव आला, पाऊसही बरा झाला आणि आकडा चढला. मग १९३०चं दशक आलं. १९३० साली २६,१८९, १९४० साली २२,५९१. जे १८९४ने सांगितलं होतं तेच पुन्हा, जरा मोठ्या आवाजात.

तिसरा आक्षेप सगळ्यांत नेहमीचा: हे तर सगळीकडेच झालं. आयोवासारख्या पाणीदार राज्यातही शेतकरी कमी झाले, तिथे १६० एकर पुरत होते ना? मग दोष यंत्राचाच. १९४० नंतरच्या घसरणीत यंत्राचा वाटा सर्वात मोठा आहे, हे मी मान्य करतो. जिथे चार घोड्यांमागे दिवसभर चालावं लागे तिथे एक माणूस केबिनमध्ये बसून शेकडो एकर उरकतो. पण यंत्राने घसरणीचा वेग ठरवला, दिशा नव्हे. दिशा १८९०लाच ठरली होती, घोड्यांच्या काळात. आणि यंत्राबरोबर पाणीही आलं, हे विसरू नये. नेब्रास्काच्या जमिनीखाली ओगलाला हा अफाट भूजलसाठा आहे. फ्रँक झायबाख या माणसाला १९५२ साली सेंटर पिव्होट या सिंचनयंत्राचं पेटंट मिळालं. मध्ये बोअरवेल, तिच्याभोवती चाकांवर फिरणारा पाव मैल लांबीचा नळ आणि त्याला लोंबणारे फवारे. आता पॉवेलने निषिद्ध ठरवलेल्या जमिनीवर मका डुलतो. पॉवेल खोटा ठरला का? पाण्याच्या बाबतीत काही अंशी, हो. एवढं खोल पाणी इतक्या स्वस्तात उपसता येईल हे त्याला दिसलं नव्हतं. पण माणसांच्या बाबतीत नाही. पाणी आलं, पीक आलं, माणसं परतली नाहीत, कारण एक शेतकरी अशी अनेक यंत्रं फोनवरून चालवतो. विमानातून पाहिलं तर दिसतं की प्रत्येक हिरवं वर्तुळ त्याच १८६२च्या चौकोनात बसवलेलं आहे. १६० एकरांतले साधारण १२५ एकर भिजतात, चारही कोपरे कोरडे राहतात. चौकोनाला अखेर त्याचा उपयोग सापडला: कुटुंबाचं माप म्हणून तो फसला, नळाचं माप म्हणून चपखल बसला.

चौथा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो न्यायाचा आहे. पॉवेलचं ऐकलं असतं तर २,५६० एकरांचे तुकडे कुणाला मिळाले असते? ऑलिव्हसारख्यांना. काँग्रेसमधल्या पश्चिमेकडच्या सभासदांनी हेच म्हणून त्याला विरोध केला होता. नॉर्वे, बोहेमिया, बेल्जियममधून आलेल्या भूमिहीनाला, गुलामीतून सुटलेल्या काळ्या कुटुंबाला, नवरा नसलेल्या बाईला जमीन मिळाली ती १६० एकरांच्या कायद्यानेच. वेस्टरव्हिलजवळच्या शोर्स या कृष्णवर्णीय कुटुंबाचं बुचरने १८८७ साली काढलेलं छायाचित्र याची साक्ष आहे. ही भीती निराधार नव्हती. पण आता निकाल समोर आहे. आज कस्टर काउंटीत शेताची सरासरी हजार एकरांच्या बरीच वर आहे, बहुतेक जमिनीवर गवत आहे आणि देशात मांसासाठी पाळलेली गुरं सर्वाधिक असलेल्या काउंट्यांत तिची गणना होते. म्हणजे जमिनीने शेवटी पॉवेलच्या मापाकडेच धाव घेतली. फरक हा, की कायद्याने केलं असतं तर त्यात एकत्र राहण्याची, सामायिक कुरणाची, मर्यादेची तरतूद झाली असती. बाजाराने केलं ते जप्त्यांतून, लिलावांतून आणि निघून गेलेल्या मुलांतून. मोठी शेतं टळली नाहीतच. गरिबाला मात्र मधल्या तीन पिढ्यांची किंमत मोजावी लागली.

याचा अर्थ मैदानं माणसांनी सोडावीत असा मी लावत नाही. १९८७ साली न्यू जर्सीच्या फ्रँक आणि डेबोरा पॉपर या दांपत्याने तसं सुचवलं होतं: या ओसरत्या पट्ट्यात पुन्हा गवत आणि गवे येऊ द्यावेत. मैदानी लोक खवळले, आणि रागवायला त्यांना कारण होतं. शहरात बसून दुसऱ्याचं घर नकाशावरून पुसणं ही जुनीच सवय, पॉनींच्या बाबतीत ती आधी वापरून झाली होती. शिवाय काउंटी सगळीकडे सारखी ओस पडत नाहीये, हे त्या शोकलेखांना दिसत नाही. ब्रोकन बो या गावात साडेतीन हजार माणसं राहतात, शंभर वर्षांपूर्वी होती त्याहून जास्तच. तिथे दवाखाना आहे, शाळा आहे, रक्ततपासणीच्या नळ्या बनवणारा मोठा कारखाना आहे. काउंटीतल्या दर तीन माणसांतला एक तिथे राहतो. माणसं चौकोन सोडून गेली, त्यांतली काही देश सोडल्यासारखी दूर गेली, काही मात्र फक्त एकमेकांजवळ सरकली. शेत लांब आणि घर गावात, ही रीत आता तिथे रुळली आहे. पॉनींची रीत, मॉर्मनांची रीत, पॉवेलची शिफारस. कायद्याने मनाई केलेली गोष्ट लोकांनी सव्वाशे वर्षांत गुपचूप करून टाकली.

होमस्टेड कायदा १९७६ साली रद्द झाला, अलास्कापुरता आणखी दहा वर्षं चालला. फुकट जमीन देण्याची कल्पना मात्र मैदानांतून गेलेली नाही. नेब्रास्कातल्याच कर्टिस या छोट्या गावाने नव्याने येणाऱ्यांना फुकट जमीन देऊ केली आहे. अट जुनीच, घर बांधायचं आणि राहायचं. पण तिथे एकरांचा प्रश्नच येत नाही. मिळतो तो घराएवढा प्लॉट, गावाच्या डांबरी रस्त्यालगत, दोन्ही बाजूंना शेजारी असलेला.